इंजिनालाही ‘मॅचिंग’ लागतं!

“मागच्या वर्षी इंजिनासाठी कर्ज दिलं, आता गिअरबॉक्ससाठी द्या म्हणते. हिचं संपायचं तरी कधी?”

बचत गटाच्या बैठकीत एकीनं असं म्हटलं आणि आमची वहिनी मान खाली घालून बसली. तिच्या घरचा सहा चाकी ट्रक म्हणजे त्या घराचं पोट. जुनं इंजिन थकलं, म्हणून नवऱ्यानं भंगारात निघालेल्या मोठ्या ट्रकचं दांडगं इंजिन आणून बसवलं. क्लच-गिअरबॉक्स मात्र जुनाच ठेवला. चिरे भरून गाडी चिपळूणहून कराडकडे निघाली आणि कुंभार्ली घाटात जळका वास आला. इंजिन गरगरतंय, पण गाडी पुढं सरकेना! क्लीनरनं धावत जाऊन चाकामागं दगड लावला, म्हणून निभावलं.

मैत्रिणींनो, मी मराठी घेऊन बी. ए. झालेली. क्लच म्हणजे केसांना लावायचा, एवढंच मला ठाऊक! पण गटाचा पैसा होता, शिवाय वहिनीचं मंगळसूत्र सोनाराकडे होतं. न कळता ‘हो’ तरी कसं म्हणायचं नि ‘नाही’ तरी कसं? शेवटी तिला घेऊन सरळ गॅरेजात गेले.

म्हाताऱ्या मिस्त्रींनी विचारलं, “ताई, घरी शिलाई मशीनला मोटर आहे ना? जाड कापड आलं की काय होतं?”

“पट्टा घसरतो.”

“तेच झालंय. पट्ट्याच्या जागी इथं क्लच आहे. इंजिनाचा जोर वाढला, पण क्लचप्लेट जुन्या जोराच्या मापाची. ती घसरली, तापली, जळाली.”

“मग मोठी क्लचप्लेट टाकली की झालं?” वहिनीनं विचारलं.

ते हसले. “मग दुखणं पुढं सरकेल. गिअरबॉक्स ४०० न्यूटन-मीटर पीळ सोसणारा आणि इंजिन ६०० देणारं असेल, तर पहिल्या गिअरमध्ये तो पीळ सहा-सात पट होतो. आज ना उद्या दाते तुटणार. ते वाचले तर पुढचा जॉइंट, नाहीतर क्राउन-पिनियन.”

इंजिन नि गिअरबॉक्सची भोकंही जुळत नव्हती. म्हणून कुणीतरी मधे लोखंडी प्लेट टाकून ते जोडलं होतं. मध्यबिंदू केसभर जरी सरकला, तरी बेअरिंग नि शाफ्ट खराब होतात, हे तेव्हा कळलं.

मग त्यांनी खडूनं फरशीवर हिशोब मांडला. जुनं इंजिन मिनिटाला २,५०० फेरे घ्यायचं. टॉप गिअरमध्ये, चाकाशी पोचेपर्यंत सहा फेऱ्यांचा एक होतो. चाकाचा घेर ३.२ मीटर, म्हणजे वेग ताशी ८० किलोमीटर. दांडगं इंजिन मात्र १,८०० फेऱ्यांतच काम करणारं. त्याच जोडणीवर वेग ताशी ५८ च्या आसपास! साडेचाराला एक असं क्राउन-पिनियन घातलं, तर ७७ पर्यंत जातो. म्हणजे इंजिन, क्लच, गिअरबॉक्स नि मागचं क्राउन-पिनियन हा सगळा संचच जुळवून घ्यायचा. ब्रेकही तपासायचे. नुसतं इंजिन स्वस्तात मिळालं म्हणून उचलायचं नाही.

निघताना मी सहज विचारलं, “आरसी बुकात हे इंजिन चढवलंय ना?” वहिनीनं माझ्याकडं नुसतं पाहिलं. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार आरसी बुकातले तपशील कंपनीच्या मूळ तपशिलांशी जुळणार नाहीत असा बदल करता येत नाही. इंजिन बदलायचं तर आधी आरटीओला विचारायला हवं. न विचारता बदललं आणि उद्या अपघात झाला, तर विमा कंपनी भरपाई नाकारू शकते. मग घर उघड्यावर!

त्या रात्री वहिनी नवऱ्याशी पहिल्यांदाच ट्रकबद्दल बोलली. तो आधी चिडला. “तुला काय कळतं त्यातलं?” म्हणाला. तिनं खडूचा तो हिशोब कागदावर उतरवून आणला होता. तो त्याच्यापुढं ठेवला. तो बराच वेळ बघत बसला.

शेवटी दांडगं इंजिन तोट्यात विकलं. जुन्याच इंजिनाचं बोअरिंग करून घेतलं, क्लच नवा टाकला. त्यासाठी गटानं कर्ज दिलं, पण मिस्त्रींकडून पूर्ण खर्चाचा कागद घेऊनच. बैठकीत आधी बोलली होती, तिनंच पहिला हात वर केला. मंगळसूत्र अजून सुटायचंय. पण गाडी घाट चढतेय आणि हप्ते वेळेवर येताहेत.

साडीवर ब्लाउजपीस घ्यायचा तर आपण मॅचिंग सेंटरची चार दुकानं पालथी घालतो. घरातला मोठा खर्च मात्र ‘ते बघतील’ म्हणून सोडून देतो. ते बघतीलच हो, पण आपणही शेजारी बसून बघूया की!