स्टार्टरची पेटी उघडण्यापूर्वी

विहिरीवरच्या पंपाच्या स्टार्टरमध्ये तीन फेज येतात: लाल, पिवळा, निळा. न्यूट्रल असलाच तर काळा, अर्थिंग हिरवी. कोणत्याही दोन फेजमध्ये सुमारे 415 व्होल्ट. रंगांचा हा संकेत कागदावर चोख आहे. शेतात मात्र हाताशी असेल ती वायर जोडलेली असते. त्यामुळे रंगावरून फक्त अंदाज बांधावा.

लाल बटण दाबून पंप थांबवला तरी स्टार्टरच्या वरच्या टर्मिनलांवर वीज असतेच. लाइट गेली म्हणून पेटी उघडणे तर सर्वांत वाईट. ती कधीही येते, आणि ऑटोस्विच असेल तर पंप आपोआप सुरू होतो. मेन स्विच पाडा, तिन्ही फ्यूज काढून स्वतःच्या खिशात ठेवा; नाहीतर घरातलाच कुणीतरी 'बंद कसा?' म्हणून चालू करतो.

स्टार्टरची वीज खरोखर तुटली का, ही तपासणी लाइट असतानाच करावी. टेस्टर आधी जिथे वीज नक्की आहे तिथे लावून पाहा, मग स्टार्टरच्या तिन्ही फेजवर, आणि पुन्हा पहिल्या जागी. मधेच टेस्टर बिघडला असेल तर ते शेवटच्या वेळी कळते. पंप बंद झाल्यावरही कपॅसिटर काही वेळ वीज धरून ठेवतो. मेन स्विचच्या आत येणाऱ्या वायरा तर जिवंतच राहतात. तिथले काम वायरमनचे.