शेवटच्या सीटवर बसून गाडी बघा

(सामुदायिक रेडिओवर झालेल्या भाषणाचे शब्दांकन)

मागच्या वेळी आपण बचत गटाच्या कर्जावर बोललो, तेव्हा दोघी-तिघींनी जवळजवळ सारखाच प्रश्न पाठवला. घरात सात माणसं आहेत, अर्टिगा घ्यायचं चाललं आहे, तर नवी घ्यावी की जुनी? मी पुढे आणखी एक प्रश्न जोडते. जुनी घ्यायची तर कोणती जुनी? अर्टिगा म्हणून रस्त्यावर ज्या गाड्या दिसतात, त्या सगळ्या एक नाहीत. नाव एकच असलं तरी आत दोन वेगळ्या पिढ्या आहेत, आणि विकणारा हे आपणहून सांगत नाही.

गाडी बघायला जातात तेव्हा काय होतं? पुरुष मंडळी ड्रायव्हरच्या सीटवर बसतात, बॉनेट उघडतात, आवाज ऐकतात. आपण बाजूला उभ्या. रंग कोणता, एवढं आपल्याला विचारतात. आणि गाडी घरी आली की बसायची व्यवस्था ठरलेलीच. पुढे सासरे, मधल्या रांगेत सासूबाई आणि पाहुणे, आणि मागच्या दोन सीटवर मी, जाऊबाई आणि मांडीवर पोरं. पंढरपूरला जा नाहीतर अष्टविनायकाला, तिसरी रांग बायका-मुलांचीच. म्हणून माझं म्हणणं आहे की गाडी बघायला गेलात की आधी शेवटच्या सीटवर जाऊन बसा. दार लावून घ्या, मधली सीट नेहमीच्या जागेवर आणायला सांगा, आणि दहा मिनिटं बसून राहा. गुडघे कुठे लागतात, डोकं कुठे लागतं, हवा येते का, हे तिथेच कळतं.

आता पिढ्या बघू. पहिली अर्टिगा एप्रिल २०१२ मध्ये आली. पेट्रोल इंजिन १.४ लिटरचं, डिझेल १.३ लिटरचं. २०१५ च्या शेवटी तिचं तोंड थोडं बदललं, पण गाडी तीच. दुसरी पिढी नोव्हेंबर २०१८ मध्ये आली, आणि ती खरोखर नवी गाडी होती. सांगाडा नवा, पेट्रोल इंजिन १.५ लिटरचं, गाडी पहिलीपेक्षा चार-पाच इंच लांब आणि दीड इंच रुंद. गंमत अशी की पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर दोन्हींत सारखंच आहे, २,७४० मिलिमीटर. चाकांच्या मधे वाढ नाही, तरी बसायची जागा जास्त मोकळी वाटते, आणि फरक सगळ्यात जास्त जाणवतो तो मागे. तिन्ही रांगा वापरात असताना पहिल्या गाडीची डिकी १३५ लिटरची, दुसरीची २०९ लिटरची. पहिलीत सात माणसं बसली तर मागे दोन पिशव्या आणि चपला, संपलं. दुसरीत मध्यम आकाराची बॅग उभी राहते.

२०२२ च्या एप्रिलमध्ये दुसऱ्या पिढीचं इंजिन बदललं आणि ऑटोमॅटिक गाडीला चारऐवजी सहा गिअर आले. कुणी ‘नवीन शेपची’ म्हणून २०२२ ची गाडी दाखवली, तर तिचा शेप २०१८ चाच आहे हे लक्षात ठेवा. २०१९ च्या आणि २०२२ च्या गाडीत तिसऱ्या रांगेतल्या बाईला फारसा फरक कळणार नाही. २०१७ च्या आणि २०१९ च्या गाडीत मात्र नक्की कळेल. दोन वर्षांचाच फरक असला तरी मधे पिढी बदलली आहे. म्हणून वर्ष आणि किलोमीटर विचारायच्या आधी पिढी विचारा.

मागच्या हवेचं बघा. २०२५ पर्यंतच्या वरच्या मॉडेलमध्ये मधल्या रांगेच्या डोक्यावर, छताला एसीच्या जाळ्या असायच्या आणि तिथून हवा मागे जायची. पहिल्या पिढीच्या सगळ्यात स्वस्त मॉडेलला हे नव्हतंच. एप्रिल-मेच्या उन्हात तिसऱ्या रांगेत बसलेल्या मुलाला उलटी होते, तेव्हा आपण खाण्याला दोष देतो. आधी छताकडे बघा.

आता सुरक्षेचं. इथे मी जरा थांबणार आहे. २०१२ मध्ये आलेल्या सगळ्यात स्वस्त अर्टिगात एकही एअरबॅग नव्हती. तेव्हा कायद्याने ती लागतच नव्हती. ड्रायव्हरसमोरची एअरबॅग सक्तीची झाली जुलै २०१९ पासून, शेजारच्या सीटची त्याच्याही नंतर. अर्टिगाच्या सगळ्या मॉडेलना सहा एअरबॅग मिळू लागल्या त्या जुलै २०२५ पासून. म्हणजे शोरूममधली आजची गाडी आणि कुणाच्या दारातली २०१३ ची गाडी यांच्यात शून्यापासून सहापर्यंत फरक असू शकतो, आणि बाहेरून तो दिसत नाही. स्टिअरिंगवर आणि डॅशबोर्डवर एअरबॅगची अक्षरं आहेत का बघा. चावी फिरवल्यावर एअरबॅगचा लाल दिवा लागून विझला पाहिजे. लागलाच नाही तर कुणीतरी तो काढून टाकलेला असू शकतो.

सहा एअरबॅग म्हणजे सगळं झालं असंही नाही. ग्लोबल एनकॅप ही संस्था गाड्या आपटून बघते. भारतात बनलेल्या दुसऱ्या पिढीच्या अर्टिगाला २०१९ मध्ये तीन तारे मिळाले. २०२४ मध्ये, जास्त कडक नियमांखाली, मोठ्यांसाठी एक आणि मुलांसाठी दोन. दोन्ही वेळा तपासलेल्या गाडीत दोनच एअरबॅग होत्या, आणि दोन्ही वेळा गाडीचा सांगाडा अस्थिर ठरला. नियम बदलले म्हणून तारे कमी झाले, गाडी पाच वर्षांत बिघडली असा त्याचा अर्थ नाही. पण नवी घेतली म्हणून निश्चिंत व्हावं असंही त्यातून निघत नाही.

म्हणून पट्टे. मागच्या दोन्ही सीटचे पट्टे हाताने पूर्ण बाहेर ओढा आणि लावून बघा. मागे बसणाऱ्यांनाही पट्टा लावणं कायद्याने बंधनकारक आहे, नाहीतर १,००० रुपये दंड आहे. आपण मात्र मागचे पट्टे सीटच्या फटीत ढकलून वरून कव्हर घालतो. सात सीटच्या गाडीत नऊ जण, दोघं मांडीवर, हे तर रोजचंच. मांडीवरचं मूल ब्रेक लागला की आईच्या हातात राहत नाही. ते धरून ठेवण्याइतकी ताकद कुणाच्याच हातात नसते. दुसऱ्या पिढीच्या गाडीत मधल्या रांगेत लहान मुलांची सीट अडकवायचे आयसोफिक्सचे लोखंडी हूक आहेत. सीटच्या फटीत बोट घालून ते शोधा.

पट्टा ओढायचं आणखी एक कारण आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापुरात आणि २०२१ च्या जुलैमध्ये चिपळूणला पुराचं पाणी किती गाड्यांत शिरलं, ते आपण बघितलं आहे. धुऊन, पॉलिश करून अशा गाड्या विकायला येतात. वरचं सगळं चकाचक करतात, पण पट्ट्याचा शेवटचा हातभर भाग आत गुंडाळलेला असतो, तो कुणी धूत नाही. पट्टा शेवटपर्यंत ओढला आणि त्यावर मातीची रेघ दिसली, की नमस्कार करून निघा. सीटखालच्या पट्ट्यांवर गंज आणि गालिच्याखाली कुबट वास, याही त्याच खुणा.

इंधनाचं थोडक्यात. डिझेल अर्टिगा एप्रिल २०२० पासून बनत नाही, त्यामुळे बाजारातली प्रत्येक डिझेल अर्टिगा पाच वर्षांच्या पुढची आहे. कुंभार्लीसारख्या घाटात भरलेली गाडी डिझेल सहज ओढतं, हे खरं. पण रोजचं जाणं-येणं गावापुरतं असेल तर त्या जुन्या इंजिनाच्या टर्बोचा आणि क्लचचा खर्च परवडत नाही. दिल्लीत दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर बंदीची टांगती तलवार असल्यामुळे तिकडच्या गाड्या स्वस्तात इकडे येतात. त्या घ्यायच्या तर तिथल्या आरटीओची एनओसी आणि इथला कर हे दोन्ही धरून किंमत करा. मग ती स्वस्त राहतेच असं नाही.

सीएनजीची टाकी तिसऱ्या रांगेच्या मागे, म्हणजे डिकीतच बसते. अ‍ॅव्हरेज छान मिळतं, पण सात माणसं आणि त्यांचं सामान एकत्र जात नाही. कॅरिअर लावावं लागतं. जुनी सीएनजी घेताना टाकीची तपासणी दर तीन वर्षांनी झाली आहे का, त्याचा दाखला मागा. बाहेरून किट बसवलेलं असेल तर आरसीवर सीएनजीची नोंद हवीच. नसेल तर विमा अडतो. आणि मागे ‘हायब्रिड’ लिहिलं असेल तर भुलू नका. ही गाडी विजेवर चालत नाही, इंजिनाला थोडा हातभार मिळतो एवढंच. पेट्रोल गाडीत त्यासाठी एक जादा लिथियम बॅटरी असते, आणि ती बदलायची वेळ आली तर साध्या बॅटरीपेक्षा बराच खर्च येतो.

पैशाचं गणित आता मांडते. आकडे उदाहरणाचे आहेत, तुमच्या बँकेचे घालून बघा. नव्या गाडीसाठी ८ लाख कर्ज, ९ टक्के, ७ वर्षं. हप्ता साधारण १२,८७०. जुन्या गाडीसाठी ४ लाख, १३ टक्के, ४ वर्षं, कारण जुन्या गाडीला व्याज जास्त आणि मुदत कमी मिळते. हप्ता साधारण १०,७३०. कर्ज निम्मं, पण हप्त्यात फरक जेमतेम दोन हजारांचा! इथेच पुष्कळ घरं ‘मग नवीच घेऊ’ म्हणतात. पण शेवटपर्यंत मोजा. नव्या गाडीचं व्याज होतं सुमारे २ लाख ८१ हजार, जुन्या गाडीचं १ लाख १५ हजार. आणि चार वर्षांनंतर एकीचा हप्ता संपतो, दुसरीचा आणखी तीन वर्षं चालतो. दुसऱ्या बाजूला जुन्या गाडीला टायर, बॅटरी, क्लच हे पहिल्याच वर्षी येऊ शकतं, त्याचे निदान ५०-६० हजार बाजूला ठेवा. ते नसतील तर जुनी गाडी घेऊ नका.

कुणी म्हणेल, जीएसटी कमी झाला ना? सप्टेंबर २०२५ मध्ये १८ टक्क्यांवर आल्या त्या चार मीटरच्या आतल्या लहान गाड्या. अर्टिगा त्याहून लांब आहे आणि तिचं इंजिनही मोठं, म्हणून तिला ४० टक्के. आधी सेससकट ४५ होता, म्हणजे सुटका पाच टक्क्यांची.

मला विचाराल तर घरात लहान मुलं असतील आणि हप्ता झेपत असेल तर सहा एअरबॅगवाली नवी घ्या. झेपत नसेल तर २०१९ नंतरची, घरगुती वापरातली, मागच्या एसीची पेट्रोल गाडी. पहिल्या पिढीची, एअरबॅग नसलेली गाडी कितीही स्वस्त मिळाली तरी मी घरच्या माणसांना घेऊ देणार नाही. शिवाय २०१२ ची गाडी २०२७ मध्ये पंधरा वर्षांची होते. मग पुन्हा पासिंग, त्याची ५,००० रुपये फी आणि वर पर्यावरण कर.

घरगुती वापरातली म्हणाले, कारण टॅक्सीत चाललेल्या पुष्कळ अर्टिगा पांढरी पाटी लावून विकतात. किलोमीटरचा काटा मागे फिरवता येतो, पण क्लचच्या पेडलचं रबर खोटं बोलत नाही. काट्यावर ४० हजार आणि रबर गुळगुळीत, असं असेल तर विचारा. सर्व्हिसिंगचा इतिहास गाडीच्या नंबरावरून अधिकृत वर्कशॉपमध्ये मिळतो. दलाल नाही म्हणाला तरी मालकाला घेऊन स्वतः जा.

आता कागद. दागिने मोडून गाडी येते आणि आरसीवर नाव दुसऱ्याचं लागतं, हे आपल्याकडे नवीन नाही. पैसा तुमचा असेल तर आरसी तुमच्या नावावर करा. मालक-चालकाचा १५ लाखांचा अपघात विमा ज्याच्या नावावर गाडी त्याचा असतो, पण त्यासाठी त्याच्याकडे लायसन्सही लागतं. म्हणून आरसीबरोबर लायसन्सही काढा.

जुन्या गाडीच्या आरसीवर बँकेचा बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या पैसे देतानाच घ्या. नंतर विकणारा फोन उचलत नाही. थकलेली चलानं परिवहनच्या साइटवर गाडीच्या नंबरावरून दिसतात, ती त्याच्याकडून भरून घ्या. एप्रिल २०१९ च्या आधीची गाडी असेल तर नवी सुरक्षा नंबर प्लेट लागली आहे का बघा. आणि विमा. गाडी नावावर झाली की चौदा दिवसांत विमा तुमच्या नावावर करायला अर्ज द्यायचा. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस तुम्हाला मिळत नाही, तो त्याच्याबरोबर जातो, त्यामुळे हप्ता थोडा वाढलेला दिसेल. एजंट ‘चालतंय की, वर्ष संपल्यावर करू’ म्हणाला तरी ऐकू नका. त्या मधल्या महिन्यांत गाडी ठोकली, तर तुमच्या गाडीच्या नुकसानीचे पैसे मिळायची मारामार होते.