विश्लेषण : मोटारीच्या नावात नेमके काय दडलेले असते?

‘सफारी’ परतली, ‘सिएरा’ परतली, ‘झिका’ बाजारात येण्याआधीच गेली आणि ‘बीई ६ई’मधला शेवटचा ‘ई’ न्यायालयाच्या दारात गळून पडला. नव्या मोटारीच्या इंजिनाइतकीच चर्चा हल्ली तिच्या नावाची होते. मोटारप्रेमींचे हे वाद बाहेरच्याला पोरकट वाटू शकतात. मात्र नाव, आकार आणि जाहिरात या तिन्हींचा हिशेब शेवटी ग्राहकाच्या खिशातून चुकता होतो. तो कसा, याचा हा आढावा.

नावे सुचतात कुठून?

त्याला एकच एक सूत्र नाही. १९९४मध्ये आलेल्या ‘टाटा सुमो’चे नाव जपानी मल्लांवरून पडले असावे, असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात ते टेल्कोचे (आताची टाटा मोटर्स) दिवंगत प्रमुख सुमंत मुळगावकर यांच्या नावातील ‘सु’ आणि ‘मू’ या आद्याक्षरांवरून घेतलेले आहे. टेल्कोच्या पुणे प्रकल्पाच्या उभारणीत मुळगावकरांचा मोलाचा वाटा होता. महिंद्रची रीत वेगळी. बोलेरो, स्कॉर्पिओ, झायलो, क्वांटो अशी या कंपनीची नावे वर्षानुवर्षे ‘ओ’ने संपत आली. ‘एक्सयूव्ही ५००’ आकड्यावर संपत असली तरी कंपनीने तिचा उच्चार ‘फाइव्ह डबल ओ’ असाच रूढ केला. २०२४मध्ये ‘एक्सयूव्ही ३००’ची ‘एक्सयूव्ही ३एक्सओ’ झाली तेव्हाही शेवटचा ‘ओ’ टिकला. मात्र अशी अक्षरे आणि आकडे लक्षात ठेवणे अवघड जाते, ही मोटारप्रेमींची तक्रार कायम आहे. ‘थार’ हे नाव एकदा ऐकले की डोळ्यांसमोर वाळवंट आणि गाडी दोन्ही उभे राहतात. अक्षर-आकड्यांच्या जोडणीला ते जमत नाही.

‘झिका’ची ‘टियागो’ का झाली?

टाटा मोटर्सने २०१५च्या अखेरीस आपल्या नव्या छोट्या मोटारीचे नाव ‘झिका’ असल्याचे जाहीर केले. ‘झिपी कार’ म्हणजे चपळ गाडी, त्याचे हे लघुरूप. प्रचारासाठी फुटबॉलपटू लिओनेल मेसीला करारबद्ध करण्यात आले होते. त्याच सुमारास दक्षिण अमेरिकेत झिका विषाणूचा उद्रेक झाला. १ फेब्रुवारी २०१६ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने आंतरराष्ट्रीय आरोग्य आणीबाणी जाहीर केली आणि दुसऱ्याच दिवशी कंपनीने नाव बदलण्याचा निर्णय सांगितला. ऐन वाहन प्रदर्शनाच्या तोंडावर पाट्या बदलायलाही वेळ नव्हता. त्यामुळे तिथे गाडी जुन्याच नावाने उभी राहिली. पुढे लोकांकडून नावे मागवण्यात आली आणि त्यातून ‘टियागो’ निश्चित झाले. एप्रिल २०१६मध्ये गाडी बाजारात आली आणि चांगली चालली. गाडीत काहीही बदललेले नसताना केवळ नावाशी चिकटलेल्या अर्थामुळे कंपनीला माघार घ्यावी लागल्याचे हे ठळक उदाहरण आहे.

परभाषेत नाव फसल्याच्या कहाण्या खऱ्या असतात का?

काही खऱ्या, काही निव्वळ दंतकथा. शेवरोलेची ‘नोव्हा’ ही मोटार स्पॅनिशभाषक देशांत आपटली, कारण ‘नो वा’चा अर्थ ‘चालत नाही’ असा होतो, ही कहाणी विपणनाच्या वर्गांत अनेक वर्षे सांगितली गेली. प्रत्यक्षात नोव्हा मेक्सिको आणि व्हेनेझुएलात व्यवस्थित विकली गेली. याउलट मित्सुबिशीच्या ‘पजेरो’ची अडचण खरी होती. स्पॅनिशमध्ये त्या शब्दाला अश्लील अर्थ असल्याने तिथे ही गाडी ‘माँटेरो’ नावाने विकली गेली. एकच गाडी अनेक देशांत विकायची असेल तर नाव निवडताना भाषेचा जाणकारही हवा, हा धडा कंपन्यांनी यातून घेतला.

एका अक्षरासाठी न्यायालय कशाला?

महिंद्रने २६ नोव्हेंबर २०२४ रोजी ‘बीई ६ई’ आणि ‘एक्सईव्ही ९ई’ या दोन विद्युत मोटारी सादर केल्या. ‘६ई’ हा इंडिगो विमान कंपनीचा संकेतांक. तिकिटापासून जाहिरातीपर्यंत कंपनी तो वापरते. इंडिगोची चालक कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली. व्यापारचिन्हांची नोंदणी वस्तू आणि सेवांच्या ठरावीक वर्गांत होते. वाहनांचा वर्ग १२वा आणि महिंद्रचा अर्ज त्याच वर्गात होता, तर इंडिगोची नोंदणी हवाई वाहतुकीशी निगडित आणि इतर वर्गांत होती. त्यामुळे गोंधळाचा प्रश्नच येत नाही, असे महिंद्रचे म्हणणे होते. मात्र १९९९च्या व्यापारचिन्ह कायद्यातील कलम २९(४)नुसार नावाजलेल्या चिन्हाला आपल्या वर्गाबाहेरही संरक्षण मिळू शकते. अखेर महिंद्रने ७ डिसेंबरला गाडीचे नाव ‘बीई ६’ केले आणि न्यायालयीन लढा सुरू ठेवण्याचेही जाहीर केले. विमान कंपनी सुरू होण्याआधी २००५मध्ये ‘इंडिगो’ या नावावर टाटा मोटर्सने आक्षेप घेतला होता, याची आठवणही महिंद्रने करून दिली. टाटांची ‘इंडिगो’ मोटार २००२पासून रस्त्यावर होती.

जुने नाव नव्या गाडीला दिले की मोटारप्रेमी का चिडतात?

१९९८ची ‘टाटा सफारी’ शिडीसारख्या मजबूत चासीवर बांधलेली होती आणि चारही चाकांना शक्ती देणारी ‘फोर बाय फोर’ यंत्रणाही तिच्यात मिळत असे. खडकाळ घाट, नदीचे पात्र यांच्याशी तिचे नाव जोडले गेले. २०२०च्या वाहन प्रदर्शनात टाटांनी ‘ग्रॅव्हिटास’ नावाची सात आसनी गाडी दाखवली. जानेवारी २०२१मध्ये तिचे नाव ‘सफारी’ करण्यात आले. ही गाडी मुळात ‘हॅरियर’चे लांब रूप आहे. दोन्हींचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधले अंतर, २,७४१ मिलिमीटरच. लांबीत फरक ६३ मिलिमीटरचा. वेगळी चासी नाही आणि फोर बाय फोरही नाही. ‘गाडी चांगली आहे, पण ही सफारी नव्हे’, असा नाराजीचा सूर त्यामुळेच उमटला.

कंपनीच्या बाजूनेही मुद्दा आहे. चासी आणि सांगाडा एकजीव असलेली मोनोकॉक रचना शहरात आणि महामार्गावर अधिक आरामदायी ठरते, आणि बहुतेक ग्राहक गाडी तिथेच चालवतात. शिवाय नवे नाव लोकांच्या तोंडी बसवायला जाहिरातीवर मोठा खर्च होतो, जुने नाव ती ओळख सोबतच आणते. महिंद्रने मधला मार्ग काढला. २०२२मध्ये ‘स्कॉर्पिओ एन’ आणताना जुनी गाडी बंद न करता तिला ‘स्कॉर्पिओ क्लासिक’ म्हटले. कोणती नवी आणि कोणती जुनी, हे नावातच स्पष्ट झाले.

गाड्या चार मीटरच्या आत का ‘कापल्या’ जातात?

याचे उत्तर सौंदर्यशास्त्रात शोधून उपयोग नाही, ते करात आहे. २००६च्या अर्थसंकल्पात छोट्या मोटारींवरील उत्पादन शुल्क २४वरून १६ टक्के करण्यात आले. लांबी ४,००० मिलिमीटरपेक्षा जास्त नको आणि इंजिन पेट्रोल असल्यास १,२०० सीसी, डिझेल असल्यास १,५०० सीसीपर्यंत, अशी चौकट पुढे रूढ झाली. मारुतीची पहिली ‘स्विफ्ट डिझायर’ ४,१६० मिलिमीटर लांब होती. २०१२ची दुसरी पिढी ३,९९५ मिलिमीटरवर आली. हे १६५ मिलिमीटर मुख्यतः डिकीतून गेले, आणि सामानाची जागा ४४० लिटरवरून ३१६ लिटर झाली. मागून छाटल्यासारखी दिसणारी सेडान असे तिच्या आकाराचे वर्णन झाले, तरी ग्राहकांनी ती उचलून धरली. कारण करातील बचत किमतीत दिसत होती. नेक्सॉन, ब्रेझा, व्हेन्यू, सोनेट या गाड्यांची लांबी आजही ३,९९५ मिलिमीटरच्या आसपास घुटमळते, ती याच चौकटीमुळे. २२ सप्टेंबर २०२५पासून या चौकटीतील गाड्यांना १८ टक्के, तर बाहेरच्या मोठ्या गाड्यांना ४० टक्के वस्तू आणि सेवा कर लागू झाला आहे. म्हणजे चार मीटरची ही रेघ पुसली गेलेली नाही.

‘एसयूव्ही’ नेमके कशाला म्हणायचे?

जाहिरातीत जवळपास प्रत्येक उंच गाडी ‘एसयूव्ही’ असते. करखात्याला मात्र व्याख्या लागते. २०१३च्या अर्थसंकल्पात एसयूव्हींवरील शुल्क २७वरून ३० टक्के झाले. त्यासाठीच्या निकषांत १७० मिलिमीटर ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे जमीन आणि गाडीचा तळ यांतील अंतर, हाही एक होता. त्यानंतर महिंद्रने ‘एक्सयूव्ही ५००’ची उंची १६० मिलिमीटरवर आणली. जाहिरातीत ती एसयूव्हीच राहिली, कराच्या हिशेबात मात्र त्यातून सुटली.

पुढे डिसेंबर २०२२मध्ये वस्तू आणि सेवा कर परिषदेने २२ टक्के उपकरासाठी चार अटी स्पष्ट केल्या. त्यातली एक होती, ‘एसयूव्ही म्हणून लोकांत ओळखली जाणारी’ गाडी. साहजिकच, आमची गाडी एसयूव्ही नसून एमयूव्ही आहे, असे म्हणायला वाट उरली. जुलै २०२३मध्ये परिषदेने ती वाट बंद केली. नाव काहीही असो, लांबी, इंजिन आणि ग्राउंड क्लिअरन्स या तीन मापांत बसणाऱ्या सर्व युटिलिटी वाहनांना हा उपकर लागू झाला. नावावर विसंबून चालत नाही, हे खुद्द सरकारलाही मान्य करावे लागले.

जाहिरातीतला एक शब्द किती महाग पडतो?

१० जानेवारी २००८ रोजी दिल्लीत ‘टाटा नॅनो’चे दर्शन झाले तेव्हा जगभरातील अभियंत्यांनी तिचे कौतुक केले. मागे बसवलेले दोन सिलिंडरचे इंजिन, लहान आकारात चार जणांना ऐसपैस जागा, हे सोपे काम नव्हते. मात्र गाडीची ओळख झाली ‘सर्वात स्वस्त’ ही. भारतीय कुटुंबात पहिली मोटार म्हणजे दारात पेढे वाटण्याचा प्रसंग. त्या दिवशी शेजाऱ्यांनी ‘स्वस्तातली घेतली’ म्हणावे, हे कोणाला आवडणार? स्वस्त ही ओळख लोकांनी आणि कंपनीच्या विपणनानेही दिली व ते दुर्दैवी ठरले, असे रतन टाटा यांनी २०१३मध्ये एका मुलाखतीत मान्य केले. विक्री घसरण्यामागे प्रकल्प सिंगूरहून साणंदला हलवण्यासारखी इतर कारणेही होती. पण चिकटलेली ही ओळख पुढच्या सुधारित आवृत्त्यांनाही पुसता आली नाही. २०१८मध्ये नॅनोचे उत्पादन जवळपास थांबले.

मग ग्राहकाने काय पाहावे?

पहिली गोष्ट, नावाऐवजी मापे वाचावीत. डिकीचे लिटर, ग्राउंड क्लिअरन्स, व्हीलबेस हे आकडे माहितीपत्रकात असतात. ‘एसयूव्ही’ लिहिले म्हणजे चारही चाकांना शक्ती मिळते, असे नाही. ते वेगळे विचारावे लागते.

दुसरी, एकच गाडी दोन नावांनी विकली जात असेल, तर दोन्हींकडे चौकशी करावी. मारुतीची ‘बलेनो’ आणि टोयोटाची ‘ग्लान्झा’ हे त्याचे ओळखीचे उदाहरण. अशा वेळी किंमत, वॉरंटी, प्रतीक्षा कालावधी आणि घराजवळचे सेवा केंद्र यांवर निर्णय घेणे सोयीचे.

तिसरी आणि सर्वात महत्त्वाची, सुरक्षेचे तारे नावाला नसतात, त्या विशिष्ट पिढीच्या गाडीला असतात. ‘डिझायर’च्या आधीच्या पिढीला ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत प्रौढ प्रवाशांच्या सुरक्षेसाठी दोन तारे मिळाले होते, तर नोव्हेंबर २०२४मध्ये आलेल्या नव्या पिढीला पाच. दोन्हींच्या पाठीवर नाव एकच. ऑक्टोबर २०२३पासून ‘भारत एनकॅप’ ही देशी मूल्यांकन योजनाही सुरू आहे. तीत प्रौढ आणि लहान मुलांच्या सुरक्षेचे गुण स्वतंत्रपणे दिले जातात. मात्र ती कंपन्यांसाठी ऐच्छिक आहे. जुनी गाडी विकत घेताना तर निर्मितीचे वर्ष आणि पिढी तपासल्याशिवाय केवळ नावावर विसंबून इसार देऊ नये.