डेमोच्या वीस मिनिटांत काय पाहतात?

परदेशात इंग्रजी शिकवण्याची नोकरी म्हटलं की आपल्या शिक्षकांना पहिली धास्ती वाटते ती उच्चारांची. पुण्यात अशा उमेदवारांची तयारी करून घेणं हे माझं काम. अधूनमधून निवड समितीतही बसते, त्यामुळे टेबलाच्या दोन्ही बाजू ओळखीच्या झाल्या आहेत. उमेदवार बाहेर गेल्यावर समितीत उच्चारांचा विषय निघतो खरा, पण बोलणं स्वच्छ कळत असेल तर तो तिथंच संपतो. खल होतो तो डेमोवर, म्हणजे नमुना-पाठावर. त्यातही सगळ्यांची नजर एकाच गोष्टीवर असते: वर्गात बोललं कोण, शिक्षक की मुलं?

‘येस मॅडम’

साताऱ्याकडच्या एका अनुदानित शाळेतल्या बाई थायलंडमधल्या नोकरीच्या तयारीसाठी आल्या होत्या. एम.ए., बी.एड., गाठीशी बऱ्याच वर्षांचा अनुभव. सरावाच्या डेमोत त्यांनी ‘यूज्ड टू’ घेतलं. आधी व्याख्या, मग रचना, मग फळ्यावर पाच वाक्यं आणि शेवटी, “अंडरस्टूड?” विद्यार्थी होऊन बसलेले आमचे सहकारी एका सुरात म्हणाले, “येस मॅडम.” जवळजवळ सगळा वेळ बाईच बोलत होत्या.

मी विचारलं, “बाई, तुमच्या नववीच्या वर्गात हेच कसं घेता?”

त्या एकदम खुलल्या. “तिथं असं नाही हो घेत. आदल्या दिवशी सांगते, घरी आजीला विचारून या, लहानपणी काय खेळायची, पाणी कुठून आणायची. दुसऱ्या दिवशी जोड्या पाडते आणि एकमेकांना इंग्रजीत सांगायला लावते. साठ पोरं एकदम बोलतात. शेजारच्या वर्गातले सर दार लावून घेतात.”

“मग तेच करा की इथं.”

“डेमोत गोंगाट चालतो?”

चालतो. समिती त्याचीच वाट पाहत असते. दुसऱ्या सरावात बाईंनी फळ्यावर एकच वाक्य लिहिलं: ‘माय ग्रँडफादर यूज्ड टू च्यू टोबॅको.’ “अंडरस्टूड?”ला फाटा देऊन त्यांनी दोन छोटे प्रश्न टाकले. आजोबा आता तंबाखू खातात का? पूर्वी खायचे ते एकदाच की नेहमी? एकाने पहिल्याच प्रश्नाला “यस” म्हटलं आणि कुठं अडलंय ते बाईंना तिथल्या तिथं कळलं. मग जोड्या पाडल्या, आजीचे प्रश्न दिले आणि स्वतः बाजूला उभ्या राहून ऐकत राहिल्या. केंब्रिजच्या सेल्टा अभ्यासक्रमातही नेमकी हीच घोटणी चालते. तो १२० तासांचा असतो आणि त्यात ६ तास खऱ्या विद्यार्थ्यांना शिकवून दाखवावं लागतं. बाईंना ती नोकरी मिळाली, ती आजीच्या प्रश्नांवर.

धागा बेंगळुरूचा

मुलाखतीत हमखास येणारा आणखी एक प्रश्न म्हणजे टास्क-बेस्ड पद्धतीबद्दल तुम्हाला काय माहीत आहे? बहुतेक उमेदवार पाठ केलेली व्याख्या म्हणून दाखवतात. नांदेडच्या एका तरुण शिक्षकाने मात्र एन. एस. प्रभूंपासून सुरुवात केली. प्रभू तेव्हा ब्रिटिश कौन्सिलमध्ये होते. १९७९ ते १९८४ या काळात बेंगळुरूच्या प्रादेशिक इंग्रजी संस्थेच्या साथीने त्यांनी दक्षिण भारतातल्या साध्यासुध्या शाळांत एक प्रयोग चालवला. व्याकरणाचे धडे बाजूला ठेवायचे आणि मुलांपुढे नकाशा किंवा रेल्वेचं वेळापत्रक ठेवून कोडं घालायचं. ते सोडवता सोडवता भाषा येते, असं त्यांचं म्हणणं. १९८७ मध्ये त्यावर त्यांचं पुस्तक आलं आणि जगभरच्या शिक्षक-प्रशिक्षणात ते वाचलं जाऊ लागलं.

हा तरुण तेवढ्यावर थांबला नाही. आपल्या वर्गात एसटीचं वेळापत्रक घेऊन आपण काय करतो, ते त्याने सांगितलं. आजोबांना अकराच्या आत लातूरच्या दवाखान्यात पोहोचवायचंय, कोणती गाडी धराल आणि का? समितीने ठरलेली पुढची प्रश्नावली बाजूला ठेवली आणि मुलं त्यावर काय काय बोलली, हेच विचारत राहिली.

नाव एक, कागद चार

निवड झाली म्हणजे गंगेत घोडं न्हालं असं नाही. खरी दमछाक कागदपत्रांत होते. एका उमेदवाराच्या गुणपत्रिकेवर आधी आडनाव, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. पदवी लग्नाआधीची, पासपोर्ट लग्नानंतरचा. आपल्याकडे कुणाला त्यात वावगं वाटत नाही; बाहेरच्या अधिकाऱ्याला मात्र त्या दोन वेगळ्या बाया वाटतात. विवाह नोंदणीचा दाखला आणि राजपत्रातली नावबदलाची नोंद जोडली तेव्हा फाइल हलली. म्हणून मी सगळ्यांना सांगते, अर्ज भरण्याआधी सगळे कागद टेबलावर मांडा आणि नावाचं अक्षर न् अक्षर ताडून पाहा.

मग अपोस्टील. १९६१ च्या हेग करारानुसार दिला जाणारा हा शिक्का भारतात २००५ पासून परराष्ट्र मंत्रालय देतं. पदवीसाठी साधारणपणे त्याआधी राज्य पातळीवरची पडताळणी लागते. जपान आणि दक्षिण कोरिया या करारात आहेत. संयुक्त अरब अमिरात नाही, त्यामुळे दुबईसाठी दूतावासाचं साक्षांकन वेगळं करावं लागतं. या सगळ्यात आठवडे जातात. निवड होण्याची वाट पाहत बसू नका.

बंद दिसणारं दार

‘फक्त नेटिव्ह स्पीकर’ अशी जाहिरात पाहिली की आपले शिक्षक पान उलटतात. दक्षिण कोरियाचा इंग्रजी शिक्षकांचा व्हिसा मुख्यतः सात देशांच्या नागरिकांसाठी आहे, हे खरं. पण १ जानेवारी २०१० पासून लागू झालेल्या भारत-कोरिया आर्थिक करारात भारतीयांसाठीही सोय आहे. पदवी आणि इंग्रजी शिकवण्याची शिक्षक-पात्रता असेल तर तिथल्या शाळेत सहायक इंग्रजी शिक्षक म्हणून अर्ज करता येतो. दार अरुंद आहे, पण ते आहे हे फार थोड्यांना ठाऊक असतं.

आणि एक दार कितीही सताड उघडं दिसलं तरी तिकडे फिरकू नका. “आधी टुरिस्ट व्हिसावर या, मग बघू” असं एजंट म्हणाला, तर तिथूनच मागे फिरा. नोंदणीकृत एजंटांची यादी सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर आहे, ती आधी तपासा.

अर्जात ‘मी मेहनती आणि प्रामाणिक आहे’ हे वाक्य प्रत्येकजण लिहितो. समिती ते वाचतसुद्धा नाही. त्या जागी तुमच्या वर्गातला एक तास लिहा: मुलं कुठं अडली, तुम्ही काय केलंत, मग ती काय बोलली. साठ पोरांना इंग्रजीत बोलतं करण्याची विद्या आपल्या शाळांत रोज वापरली जाते. जगात कुठंही तिला मोल आहे. ती कागदावर उतरवायला संकोचू नका.