हरिपाठ आठवतो, जेवण आठवत नाहीं

शके १२१२ मध्यें ज्या नेवाशांत ज्ञानेश्वरी सांगितली गेली, त्या अहमदनगर (आतांच्या अहिल्यानगर) जिल्ह्यांत वारकरी घरें पुष्कळ. अशा एखाद्या घरांतील वृद्ध आजी सायंकाळीं हरिपाठ अस्खलित म्हणते. परंतु घटकेपूर्वीं जेवण झालें कीं नाहीं, हें तिला सांगतां येत नाहीं. मंडळींना वाटतें, हें सोंग असावें. खरें पाहतां सोंग वठविण्यासहि चांगली स्मृति लागते! असें घडतें याचें कारण, स्मृति ही मेंदूंत एकाच कोठींत सांठविलेली वस्तु नव्हे.

पाहिलेलें रूप मेंदूच्या मागील भागांत उमटतें, ऐकलेला शब्द कानशिलाजवळच्या भागांत. या विखुरलेल्या खुणा एका प्रसंगाच्या सूत्रांत ओंवण्याचें काम कानशिलांच्या आंतील बाजूचा हिप्पोकॅम्पस करतो. समुद्रघोड्यासारख्या आकारामुळें त्याला हें ग्रीक नांव पडलें. त्याची व मेंदूच्या बाह्यस्तराची देवघेव, विशेषतः झोपेंत, वारंवार होऊन स्मृति पक्की होते. मग जुन्या गोष्टींसाठीं हिप्पोकॅम्पसची तितकी गरज उरत नाहीं. शेंकडों वेळां घोकलेल्या पाठाला तर इतर केंद्रांचाहि आधार असतो.

१९५३ सालीं अमेरिकेंत हेन्री मोलेसन या तरुणाच्या फेफऱ्यावर उपाय म्हणून त्याच्या दोन्ही बाजूंच्या हिप्पोकॅम्पसचा मोठा भाग काढण्यांत आला. फेफरें कमी झालें; पण नव्यानें भेटलेला मनुष्य त्याला थोड्याच वेळानें अनोळखी वाटे. बालपण मात्र आठवे. आरशांत पाहून आकृति गिरविण्यांत तो दिवसेंदिवस तरबेज होत गेला, आणि असें कांहीं पूर्वीं केल्याची आठवण मात्र त्याला नसे.

१९०६ सालीं आलोइस अल्झायमर या जर्मन डॉक्टरांनीं वर्णिलेला रोग बहुधा याच ठिकाणीं प्रथम घाला घालतो. मज्जापेशींबाहेर एका प्रथिनाचे पुंजके सांचतात, पेशींच्या आंत दुसऱ्याच्या गांठी होतात. या गांठी हिप्पोकॅम्पसच्या जणूं उंबरठ्यावरील भागांतून पसरूं लागतात. म्हणून जेवण विसरतें, हरिपाठ राहतो. पुढें रोग बाह्यस्तरांत शिरला म्हणजे नांवें, शब्द, घराची वाट हींहि एकेक जातात.

सर्वच विस्मृति या रोगाची नसते. थायरॉइडची मंदता, बी-१२ जीवनसत्त्वाची उणीव, खिन्नता यांनींहि स्मरण बिघडतें व उपचारानें पुष्कळदां सुधारतें. तेव्हां ‘वयच झालें’ म्हणून स्वस्थ बसण्यापेक्षां तपासणी लवकर करविणें इष्ट. अल्झायमर अद्यापि बरा होत नाहीं. ‘आजी, तूं आतांच तर जेवलीस,’ असें तिला चारचौघांत पटवूं पाहणें व्यर्थ. त्या जेवणाची नोंद तिच्या मेंदूंत टिकलेलीच नसते.