झिप संग्रह
अनेक संगणकीय फायली संपीडित करून एकाच फायलीत साठविण्याची पद्धती. अमेरिकन प्रोग्रॅमर फिल कॅट्झ (१९६२–२०००) यांनी ती १९८९ मध्ये प्रचारात आणली. फायलींची सूची संग्रहाच्या शेवटी असते. त्यामुळे सर्व संग्रह न उलगडता हवी तेवढीच फाइल काढता येते. मूळ रचनेत आकारासाठी ३२ बिटांचीच जागा असल्याने ४,२९,४९,६७,२९५ बाइटांपुढील फाइल त्यात मावत नसे. ‘झिप-६४’ विस्ताराने (२००१) ही अडचण दूर झाली. पायथॉन भाषेच्या प्रमाणित संचातील ‘झिपफाइल’ घटकात हा विस्तार ३.४ आवृत्तीपासून (२०१४) आपोआप उपलब्ध होतो. प्रचंड फाइल मात्र एकदम स्मृतीत घेऊ नये. तुकड्यातुकड्यांनी वाचल्यास साधा संगणकही पुरतो. अनोळखी संग्रह उलगडताना बाहेर पडणाऱ्या बाइटांवर मर्यादा घालणे अगत्याचे असते. ‘४२.झिप’ या कुप्रसिद्ध संग्रहाचा आकार जेमतेम ४२ किलोबाइट. त्यातील संग्रहांचे थर पूर्णपणे उलगडल्यास सु. ४.५ पेटाबाइट होतात.