मोटारसायकल घडवलेली की जुळवलेली?

घरगुती गणपतीच्या सजावट स्पर्धेत परीक्षक म्हणून जाण्याची पाळी ज्यांच्यावर आली आहे, त्यांना एक पेच चांगलाच ठाऊक असतो. एका घरात बाजारातून आणलेले देखणे मखर, विकतची फुले, विकतच्या दिव्यांच्या माळा. सगळे कसे झगझगीत! शेजारच्या घरात आजोबांनी आणि नातवंडांनी पुठ्ठे कापून, खळ लावून उभा केलेला किल्ला. त्याचा एक बुरूज किंचित कललेला. बक्षीस कुणाला द्यायचे? किल्ल्याला द्यावे, तर पहिल्या घरातले गृहस्थ विचारणार, ‘‘पुठ्ठा काय त्यांनी घरी तयार केला होता?’’ आणि त्यांचे अगदीच चूक असते असेही नाही.

हाच पेच अमेरिकेत, जपानमध्ये, जर्मनीत गेली कित्येक वर्षे मोटारसायकलींवरून चालू आहे. तिथे ‘कस्टम’ म्हणजे कारखान्यातून आलेली गाडी मोडून, कापून, वाकवून आपल्या मनासारखी घडवलेली मोटारसायकल बनवण्याच्या मोठमोठ्या स्पर्धा भरतात. कारागीर वर्ष-दोन वर्षे एकेका गाडीत घालवतात. आणि गाडी मंचावर चढली, की गर्दीतून पहिला प्रश्न हाच येतो : यातले तुझे किती आणि दुकानातले किती?

या वेडाची सुरुवात गरजेतून झाली. दुसऱ्या महायुद्धानंतर घरी परतलेल्या अमेरिकन तरुणांना जुन्या हार्ले-डेव्हिडसन गाड्या स्वस्तात मिळत. गाड्या दणकट होत्या, पण जड. मग पुढचे मडगार्ड काढून टाक, मागचे अर्धे काप, नको ते सगळे उतरव, असे सुरू झाले. कापणे म्हणजे ‘चॉप’, म्हणून ‘चॉपर’. तेव्हा ‘सुटे भाग विकत आणले’ हा आरोप करायला वावच नव्हता. कारण तसे भाग विकायला कुणी बसलेच नव्हते. लांब पुढचे फोर्क हवेत? जुन्या मोटारीचा किंवा दुसऱ्या गाडीचा भाग शोधा, कापा, जोडा. आपल्याकडचा गॅरेजवाला मिस्त्री हे वाचून म्हणेल, यात नवल ते काय, हे तर आम्ही रोज करतो!

दुकान कसे थाटले गेले, याची गोष्ट मात्र मजेदार आहे. कॅलिफोर्नियातल्या सॅन लिअँड्रो गावात आर्लेन नेस नावाचा तरुण राहत असे. संसारी माणूस, खिसा बेताचा. बोलिंगच्या खेळात जिंकलेल्या पैशांतून त्याने ३०० डॉलरला १९४७ सालची एक जुनी हार्ले घेतली. बायकोला, बेव्हला, हा उद्योग मुळीच पसंत नव्हता. (मोटारसायकल घरात येताना जगभरच्या गृहिणींचे मत एकच असते.) दुसरी गाडी घेण्याची ऐपत नव्हती, म्हणून नेस तीच गाडी पुनःपुन्हा बदलून, पुनःपुन्हा रंगवून प्रदर्शनात नेई. लोक थांबून बघत. कुणी म्हणे, मला असे हँडल करून दे. मेंढ्याच्या शिंगांसारखे वळलेले ते हँडल तो विकू लागला. पुढे दुकान निघाले, मग कॅटलॉग छापला गेला. २०१९ साली नेस वारले, तेव्हा त्यांचे नाव या कलेतल्या सर्वांत मोठ्या नावांपैकी एक होते. पण गंमत बघा, ज्या माणसाने कुणासारखी नसलेली गाडी घडवून नाव मिळवले, त्याच्याच कॅटलॉगमधून भाग मागवून हजारो लोकांनी एकमेकांसारख्या गाड्या केल्या!

इंजिनाचेही तसेच. १९५८ साली जॉर्ज स्मिथ यांनी सुरू केलेली ‘एस अँड एस’ ही कंपनी आधी हार्लेला जास्त जोर देणारे भाग बनवी. पुढे ती आख्खी इंजिनेच बनवू लागली. १९९० च्या दशकात नवी हार्ले घ्यायची तर गिऱ्हाइकांना लांबलचक यादीत थांबावे लागे. तेव्हा इंजिन एकाचे, चासी दुसऱ्याची, चाके तिसऱ्याची अशी जोडणी करून हार्लेसारख्या गाड्या विकणारे कारखानेच उभे राहिले. मग टीव्ही आला. २००२-०३ पासून डिस्कव्हरी वाहिनीवर ‘अमेरिकन चॉपर’ ही मालिका सुरू झाली. न्यूयॉर्क राज्यातल्या एका गॅरेजमधले बापलेक, त्यांची कडाकडा भांडणे, आणि भांडणांच्या अधूनमधून तयार होणारी गाडी. घराघरांत ती पाहिली गेली. ज्यांनी आयुष्यात पाना धरला नव्हता, त्यांनाही चॉपर हवीशी वाटू लागली. पुढे मंदी आली आणि हा फुगा फुटला. टेक्सासमधला ‘अमेरिकन आयर्नहॉर्स’ हा असाच एक मोठा कारखाना २००८ साली बंद पडला.

त्या भरभराटीच्या दिवसांतच स्पर्धांपुढचा प्रश्न तीव्र झाला. रुंद टायर, लांब फोर्क, ज्वालांचा रंग, चकचकीत क्रोम... शंभर गाड्यांची रांग, आणि शंभरही गाड्या सख्ख्या बहिणी! त्यांत मेहनत नव्हती असे नाही. पण कल्पना कुणाची होती?

कारागिरांनीच मते द्यायची

२००४ साली कस्टम मोटारसायकल बांधणीची एक जागतिक अजिंक्यपद स्पर्धा सुरू झाली. ती भरवली ‘अमेरिकन मोटरसायकल डीलर’ या व्यापारी मासिकाने, म्हणजे सुटे भाग विकणाऱ्यांच्याच मासिकाने! काही वर्षे ती साउथ डाकोटा राज्यातल्या स्टर्जिसच्या प्रसिद्ध मोटारसायकल मेळाव्यात भरे (हा मेळावा १९३८ पासूनचा). पुढे २०१४, २०१६ आणि २०१८ साली ती जर्मनीत, कोलोनच्या प्रदर्शनात झाली. तिची सर्वांत चांगली गोष्ट म्हणजे परीक्षक बाहेरून आणले जात नसत. स्पर्धेत उतरलेले कारागीरच एकमेकांच्या गाड्या पाहून मते देत.

कल्पना करा, पाककृती स्पर्धेत स्वयंपाक करणाऱ्या बायकांनीच एकमेकींच्या पदार्थांना गुण द्यायचे! हेवेदावे होणार, हे खरे. पण पाकिटातला मसाला कुणी वापरला, हे त्यांच्यापासून लपणार आहे का? बाहेरचा परीक्षक रंगाने भुलतो. कारागीर खाली वाकतो. टाकीच्या आतल्या कडेवरून बोट फिरवतो, वेल्डिंगचा सांधा बघतो, ब्रेकची नळी कशी वळवली आहे ते बघतो. साच्यातून निघालेला भाग कुठला आणि हाताने ठोकलेला कुठला, हे त्याला अर्ध्या मिनिटात कळते.

हाताने टाकी घडवणे म्हणजे काय, ते पुण्याच्या तांबट आळीत ज्यांनी ठोक्यांचा नाद ऐकला आहे, त्यांना वेगळे सांगायला नको. अॅल्युमिनियमचा पत्रा घ्यायचा. तो ठोकून ठोकून कडक होतो, म्हणून मधून मधून तापवून मऊ करावा लागतो. पण अॅल्युमिनियम लोखंडासारखे लाल होऊन इशारा देत नाही. एका क्षणी ते सरळ वितळून पडते. म्हणून कारागीर ज्योतीचा धूर देऊन पत्र्यावर काजळी धरवतो आणि मग तापवतो. काजळी जळून गेली, की पत्रा पुरेसा तापला. मग वाळूच्या पिशवीवर ठेवून लाकडी हातोड्याने खोलगट करायचा आणि दोन चाकांच्या यंत्रात पुढेमागे सरकवून ठोक्यांचे खड्डे घालवायचे. एका बाजूचा गोलवा दुसऱ्या बाजूशी जुळला नाही, तर पुन्हा पहिल्यापासून! हे सगळे करून झाल्यावर टाकी गळता कामा नये, ही अपेक्षा आहेच.

असा माणूस विकतची टाकी लावून आलेल्या स्पर्धकाकडे कोणत्या नजरेने बघत असेल, हे समजण्यासारखे आहे. तरीही हा वाद ‘हाताचे ते खरे, विकतचे ते खोटे’ इतका सोपा नाही.

कॅनडातल्या केलोना गावचा रॉजर गोल्डॅमर हा या जागतिक स्पर्धेतला गाजलेला विजेता. त्याच्या ‘नॉर्टोरियस’ या गाडीचेच घ्या. तिच्यातले इंजिन हार्लेच्या पद्धतीच्या दोन सिलिंडरच्या इंजिनातून आलेले. ते तर दुकानात मिळते. पण गोल्डॅमरने मागचा सिलिंडर काढूनच टाकला आणि त्या रिकाम्या जागी इंजिनात जोराने हवा भरणारा सुपरचार्जर बसवला. गाडीचा एकंदर डौल जुन्या ब्रिटिश नॉर्टन रेसरचा. इंजिनाचे मूळ भाग विकतचे असले, तरी असे इंजिन जगातल्या कुठल्याच दुकानात मिळत नव्हते. मग याला जुळवलेले म्हणायचे की घडवलेले?

दुसऱ्या टोकाला जपानचा चिकारा नागाता. त्याच्या एकेका गाडीत हजारो तासांची मेहनत असते. बारीकसारीक भागही तो स्वतः बनवतो, आणि गाडी मोटारसायकलीपेक्षा दागिना वाटते. पण काळीज मात्र तोही जुन्या गाडीचेच घेतो. टायर, बेअरिंग, चेन या वस्तू तर कुणीच घरी बनवत नाही. आणि बनवूही नयेत. हाताने केलेला टायर लावून कुणी ताशी शंभरच्या वेगाने निघाला, तर त्याचे कौतुक करायला तो परत यायला हवा ना!

जुळवण्यालाही अक्कल लागते

जुळवणाऱ्यांची बाजू मांडायची, तर ती इथून मांडावी. मोटारसायकलच्या हँडलचा कणा थोडा मागे कललेला असतो. तो कल सरळ खाली वाढवला, तर जमिनीला जिथे टेकेल तो बिंदू, आणि चाक जिथे प्रत्यक्ष टेकते तो बिंदू, यांत काही अंतर राहते. साध्या गाडीत ते १० सेंटीमीटरच्या आसपास असते. या अंतरामुळेच गाडी सरळ धावते. चॉपरसाठी कल वाढवला, की अंतर वाढते. मग मोठ्या रस्त्यावर गाडी रेषेत जाते. पण गल्लीत वळताना हँडल एका बाजूला कोसळू बघते. उलट, मूळ चासी तशीच ठेवून फक्त फोर्कचा कोन बदलणारा भाग विकत आणून लावला, तर अंतर इतके कमी होऊ शकते, की वेगात गाडीचे तोंड थरथरू लागते. दोन्ही भाग उत्तम कंपन्यांचे, दोन्हींच्या पावत्या खिशात, आणि तरी गाडी जिवावर बेतणारी! कॅटलॉगमध्ये सुटा भाग मिळतो, मेळ मिळत नाही. ज्याला तो मेळ साधतो, त्याला नुसता ‘फिटर’ म्हणून हिणवणे अन्यायाचे आहे.

हाताच्या कामाचा अभिमानही कधीकधी भलतीकडे जातो. सगळ्यांपेक्षा वेगळे काही करायचे, या हट्टापायी अशा गाड्या बनतात, की त्यांवर बसणे ही शिक्षा आणि वळणे हा चमत्कार. ट्रेलरवरून येणाऱ्या आणि ट्रेलरवरूनच घरी जाणाऱ्या या राण्यांना आवर घालण्यासाठी अनेक स्पर्धांत गाडी स्वतःच्या इंजिनावर चालली पाहिजे, अशी अट घालतात. ती योग्यच आहे.

खरी अप्रामाणिकता विकतचा भाग लावण्यात नसून नाव लपवण्यात आहे. गाडीपुढच्या पाटीवर एकच नाव असते. पण रंग एकाने दिलेला, सीट दुसऱ्याने शिवलेली, चाके तिसऱ्याच्या संगणकी यंत्रावर कापलेली.

याचे जगातले सर्वांत प्रसिद्ध उदाहरण म्हणजे १९६९ सालच्या ‘ईझी रायडर’ या चित्रपटातल्या चॉपर. पीटर फोंडाच्या त्या झेंड्याच्या रंगांतल्या टाकीच्या गाडीने चॉपर हा शब्द जगभर नेला. गाड्या होत्या लिलावात घेतलेल्या पोलिसांच्या जुन्या हार्ले. त्यांना ते रूप देण्यात मोठा वाटा होता क्लिफ व्हॉज आणि बेन हार्डी या दोन कृष्णवर्णीय कारागिरांचा. चित्रपटाच्या नामावलीत दोघांचीही नावे नाहीत! हार्डी १९९४ साली वारले. व्हॉज यांना उतारवयात का होईना, थोडे श्रेय मिळाले. २०१६ साली तेही गेले.

आणि त्या गाड्या? एक चित्रपटाच्या शेवटी मोडली, बाकीच्या चित्रपट पुरा व्हायच्या आधीच चोरीला गेल्या. २०१४ साली ‘तीच मूळ गाडी’ म्हणून एका गाडीवर साडेतेरा लाख डॉलरची बोली लागली. मोडलेल्या गाडीचे भाग घेऊन ती पुन्हा उभी केली होती, असा दावा होता. पण तशीच दुसरी गाडीही ‘मूळ’ म्हणून मिरवत होती, आणि दोन्हींच्या खरेपणाची ग्वाही एकाच गृहस्थांनी दिलेली होती! जुन्या पोलिसी गाडीची चॉपर, चॉपरचे भंगार, भंगारातून पुन्हा चॉपर... यातली ‘मूळ’ कुठली, हे कोणता परीक्षक सांगणार?

जुन्या गाड्यांच्या विंटेज रॅलीत तर ‘ओरिजिनल’ शब्दाचा अर्थ अगदी उलटा होतो. तिथे नटबोल्टसुद्धा कारखान्यातून आले तसेच हवेत. कुणी कल्पकतेने एखादा भाग स्वतः घडवला, तर गुण कापले जातात. एकच शब्द, आणि शेजारच्या तंबूत गेल्यावर त्याचा अर्थ पालटतो.

पावत्यांचीही तीच तऱ्हा. स्पर्धेत जो स्पर्धक विकतच्या भागांबद्दल बोलायचे टाळतो, त्यालाच गाडी रस्त्यावर आणताना सगळ्या पावत्या जपून ठेवाव्या लागतात. अमेरिकेतल्या अनेक राज्यांत घरी बांधलेल्या गाडीची वेगळी नोंदणी होते. तिथला अधिकारी गाडी कल्पक आहे का ते विचारत नाही; इंजिन आणि चासी चोरीची नाही ना, याचा पुरावा मागतो.

आपल्याकडेही हा छंद आता नवा राहिलेला नाही. जयपूरचे ‘राजपुताना कस्टम्स’ बुलेटवर केलेल्या कामामुळे नावारूपाला आले. मुंबईचे अक्षय वर्दे यांनी आपल्या कार्यशाळेला नाव दिले ‘वर्देंची’. इंग्रजी पाटीवर ते एखाद्या इटालियन कंपनीसारखे वाटते, पण मराठी माणसाला लगेच हसू फुटते. २०१३ पासून गोव्यात सुरू झालेल्या ‘इंडिया बाइक वीक’मध्ये अशा गाड्या बघायला झुंबड उडाली. मात्र आपल्या कारागिराला परीक्षकाच्याही आधी गाठ पडते ती कायद्याशी. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणे नोंदणीच्या वेळी निर्मात्याने जी वैशिष्ट्ये दिली, त्यांच्याशी विसंगत बदल गाडीत करता येत नाहीत. अपंग व्यक्तींच्या सोयीसाठी सवलत आहे. इंजिन किंवा इंधन बदलायचे, तर ठरलेल्या नियमांनी आणि परवानगीने. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही केरळातल्या एका प्रकरणात हेच स्पष्ट केले.

म्हणजे चासी कापून, कल वाढवून, टाकी हाताने ठोकून आपल्या मिस्त्रीने कितीही अस्सल गाडी घडवली, तरी कागदावर ती ‘फेरफार केलेली बुलेट’च राहते. मंचावर तिला टाळ्या मिळाल्या, तरी प्रदर्शन संपल्यावर तिला दोरीने बांधून टेम्पोत चढवावे लागते.